अक्कलकोटचे शस्त्रागार आणि आमच्या घरांतील लहान रायफल

यंदाच्या स्मरणिकेसाठी अक्कलकोटच्या इतिहासातील एखाद्या अंगावर लिहावे, अशी सूचना मंडळाच्या चिटणिसांकडून आली. अक्कलकोट म्हटले की श्रीस्वामी समर्थांचे स्थान प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. त्या विषयावर अधिकारी पुरुषांनी पुष्कळ लिहिले आहे व आमच्यासारख्या शाळामास्तराने त्यात भर घालण्याचे कारण नाही. गावातील दुसरे प्रसिद्ध स्थान म्हणजे राजवाड्यातील शस्त्रागार. आम्ही त्याच्या आधाराने, परंतु त्याच्या बाहेरच्या एका लहान वस्तूविषयी लिहिणार आहोत. ही वस्तू आमच्या ज्ञातीतील काही घरांच्या कपाटांत आजही आहे, आणि तिचे पुढे काय करावे हा प्रश्न त्या घरांना पडलेला आहे. ती वस्तू म्हणजे बोल्टची, पॉइंट टू-टू नळीची लहान रायफल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या तरी लेखात पूर्वजांच्या तलवारींचे वर्णन असते. तलवारी असतीलही, आमचे त्याबद्दल भांडण नाही. परंतु ज्या शस्त्राचा कागद आहे, ज्याच्यावर कारखान्याचा क्रमांक कोरलेला आहे, जे कोणी, केव्हा, कोणत्या परवान्यावर घेतले हे दाखविता येते, असे शस्त्र आमच्या घरांत शोधू गेल्यास बहुधा ही लहान रायफलच सापडते. इतिहास लिहावयाचा तर कागद असलेल्या वस्तूचा लिहावा, असे आमचे मत आहे.

अक्कलकोटच्या राजघराण्याचा आरंभच एका चकमकीतून झाला हे बहुतेकांस ठाऊक असते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ साली, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे येत असता पारद गावच्या सयाजी लोखंडे पाटलांनी त्यांस विरोध केला. त्या लढाईत पाटील पडले. त्यांच्या विधवा पत्नीने आपला लहान मुलगा राणोजी यास महाराजांच्या पायांवर घातले. स्वदेशी परतल्यावरचा हा पहिलाच विजय, म्हणून महाराजांनी मुलाचे नाव फत्तेसिंह ठेविले व त्यास पुत्राप्रमाणे वाढविले. अक्कलकोटची जहागीर पुढे याच फत्तेसिंहांस मिळाली. १७४१ साली मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली त्या मोहिमेत नागपूरकर रघूजी भोसल्यांबरोबर हे फत्तेसिंह होते. सन १७६० मध्ये ते वारले. त्या काळच्या बंदुका म्हणजे तोड्याच्या. जळती वात काण्यावर टेकवावयाची, दारू पेटेपर्यंत धीर धरावयाचा, आणि गोळी कोठे जाईल ते देवावर सोडावयाचे. शस्त्रागारातील ठासणीच्या बंदुका पाहताना हे लक्षात ठेविले म्हणजे त्यांच्या लांबीचे आश्चर्य वाटत नाही. लांब नळीविना त्यांना नेम म्हणून नव्हताच.

हे शस्त्रागार आशिया खंडात सर्वांत मोठे असल्याचे अक्कलकोटकर अभिमानाने सांगतात. आशिया खंडातील इतर शस्त्रागारे मोजून आलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नाही, म्हणून आम्ही एवढेच म्हणू की अवघ्या ४९८ चौरस मैलांच्या संस्थानाच्या मानाने हा संग्रह थोरच आहे. तिसरे फत्तेसिंहराव, ज्यांचा राज्यकाल १८९६ ते १९२३, यांच्या शस्त्रांच्या हौसेशी या संग्रहाचे नाव जोडले जाते.

राजवाड्यात शस्त्रे वाढत होती त्याच काळात रयतेच्या घरांतून ती नाहीशी होत होती. १८५७ च्या उठावानंतर सरकारने हत्यारे जमा करण्याचा सपाटा लावला. आपल्या दक्षिणेस, मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडर लोकांनी आपली शस्त्रे देण्याचे त्याच साली नाकारले. गावावर फौज आली, घरे जळाली, कित्येकांस फाशी झाली. त्या भागात त्यांचे पोवाडे आजही म्हटले जातात. नंतर १८७८ साली, म्हणजे ज्या वर्षी श्रीस्वामींनी समाधी घेतली त्याच वर्षी, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. युरोपियनांस सवलत आणि देशी माणसास परवाना, असा तो भेद होता. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. संस्थानिकांस मात्र सूट होती. अक्कलकोटवर देखरेख ठेवणारे पोलिटिकल एजंट म्हणजे सोलापूरचे कलेक्टरच असत. त्यामुळे संस्थानच्या हद्दीतही साध्या माणसाने बंदूक बाळगणे ही मर्जीची बाब होती. मामलेदार कचेरीतला कारकून, शाळेचा हेडमास्तर, अडतीचा व्यापारी, अशा माणसास जे शस्त्र मागण्याचे धैर्य होई व जे देण्यास वरिष्ठांस हरकत वाटत नसे, ते शस्त्र म्हणजे ही लहान रायफल.

तिचा जन्म दूरदेशीचा आहे. पॅरिसच्या फ्लोबेर नामक कारागिराने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून एक चिमुकले काडतूस केले. त्याच्या तांब्याच्या टोपीच्या तळाला बाहेर आलेली कड होती. पुढे अमेरिकेत स्मिथ व वेसन यांनी १८५७ साली त्या काडतुसात दारू भरून ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ काढले आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ नावाचे काडतूस काढले. तेच आजतागायत जगभर चालते. मोठ्या रायफलीच्या काडतुसात तळाच्या मध्यभागी पेटणारी टोपी बसविलेली असते. या लहान काडतुसात तशी टोपी नसते. पेटणारा लेप तळाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो, आणि रायफलीची पिन ती कड चेपून लेप पेटविते. म्हणून यास रिमफायर म्हणतात. गोळी शिशाची, वजनाने चाळीस ग्रेन, म्हणजे पाव तोळ्याहूनही कमी. नळीचा व्यास ०.२२ इंच, म्हणजे ५.६ मिलिमीटर. आवाज थोडा, धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे शिकाऊ मनुष्य डोळे मिटून घेत नाही, व नेम शिकण्यात अर्धे यश यातच असते.

बोअर युद्धात इंग्रज शिपायांचा नेम शेतकऱ्यांपुढे फिका पडला, ही गोष्ट लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मनास लागली. हे गृहस्थ त्यापूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०१ नंतर विलायतेत गावोगाव लहान रायफलींचे क्लब निघाले आणि बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने त्यांस स्वस्त व उत्तम रायफली पुरविल्या. सायकलींमुळे या कंपनीचे नाव आपल्याकडे घराघरात झाले. तिच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींवर ठेवलेल्या असत, हे जुन्या वाचकांस स्मरत असेल. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही लहान नळीच्या स्पर्धा होत्या. अशा रीतीने ही रायफल अधिकाऱ्यांच्या, राजपुत्रांच्या व मागाहून त्यांच्या कारभाऱ्यांच्या हातांतून आपल्या घरांत शिरली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील बोल्टच्या रायफली आल्या. अचूकपणात त्यांस तोड नव्हती असे जाणकार म्हणतात, आणि आमचाही अनुभव निराळा नाही.

बोल्ट हा शब्द वारंवार येतो म्हणून त्याची रचना सांगतो. दाराची कडी आठवावी. दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे लोटून खाली दाबला की नवे काडतूस नळीच्या तोंडात जाऊन मागून दार घट्ट बंद होते. ड्रायझे या जर्मन कारागिराने ही युक्ती १८४१ पर्यंत फौजेच्या उपयोगाची केली आणि माउझर बंधूंनी ती पूर्णत्वास नेली. अचूकपणा येतो तो यातूनच. प्रत्येक काडतूस त्याच जागी, तितक्याच घट्टपणे बसते. चाप ओढल्यानंतर हलणारा भाग एकच, तो म्हणजे पिन, आणि तीही बोटभर जागेत सरकते. जितके कमी हलेल तितका नेम कमी ढळेल. आणखी एक गुण असा की बोल्ट काढून घेतला की नळी मागून आरपार दिसते व मागूनच साफ करता येते. याचे महत्त्व पुढे येईल.

१९४६ ते १९४८ हा काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगला. अक्कलकोटच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाची हद्द लागून होती. रझाकारांच्या धास्तीने सीमेवरच्या गावांतून माणसे गाडीबैल घेऊन आत आली. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर अक्कलकोट मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरहून निघालेल्या फौजेने नळदुर्ग घेतला. त्या दिवसांत आमच्या अमुक आजोबांनी लहान रायफलीने रझाकारांस पळवून लाविले, अशा कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाव तोळ्याच्या गोळीने कोणी पळाले असेल तर ते आवाजाने. या रायफलीचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे, ते अशा कथांनी झाकून जाऊ नये.

स्वातंत्र्यानंतर तिच्या वाट्यास चांगले दिवस आले. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेल्या हजारो मुलांनी आयुष्यातील पहिली गोळी पॉइंट टू-टूमधून झाडली. आम्हीही त्यांतलेच. छात्रसेनेच्या पुस्तकात या रायफलीची परिणामकारक मर्यादा २५ यार्ड दिलेली असे आणि परीक्षेत ती पाठ म्हणावी लागे. ऑलिंपिकमध्ये याच काडतुसाने ५० मीटरवर दहा मिलिमीटरच्या वर्तुळात गोळी बसवितात. म्हणजे पंचवीस यार्डांची मर्यादा शिकाऊ डोळ्याची होती, रायफलीची नव्हे.

१९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. मूळ रत्नागिरीकडील मावळंगे गावचे हे घराणे अहमदाबादेस स्थायिक झालेले. गांधीजींच्या सहवासात वाढलेला, तुरुंगवास भोगलेला हा पुरुष रायफल संघटनेचा अध्यक्ष झाला याचे कित्येकांस नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. ज्या देशास पाऊणशे वर्षे हत्यार हातात धरण्याची मनाई होती त्या देशाने ते कायद्याने व शिस्तीने हाती धरण्यास शिकावे, यात अहिंसेस बाध येतो असे त्यांस वाटले नसावे. मावळंकरांच्या नावाची नेमबाजीची स्पर्धा आजही भरते. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा हत्यारांचा कायदा आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास निशाणेबाजीसाठी लागणाऱ्या पॉइंट टू-टू रायफलीचा नावानिशी उल्लेख आहे. कायद्यात नाव असणे हा या लहान शस्त्राचा केवढा सन्मान!

ससे व तित्तिर यांसाठी ती वापरली जात असे, हेही लपविण्याचे कारण नाही. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली माळढोकांसाठी अभयारण्य झाले, तेव्हा माळावर माळढोक फारसे उरले नव्हते. ही वेळ येण्यात बंदुकांचा वाटा होताच. त्या बंदीनंतर पुष्कळ घरांतील रायफली कपाटात गेल्या आणि हौस संपली तशी देखभालही संपली. परदेशी रायफलींची आयात १९८० नंतरच्या दशकात सामान्यांस बंद झाली. तेव्हापासून घरातील जुनी बी.एस.ए. किंवा ब्रनो गेली म्हणजे तशी पुन्हा येणे कठीण. इशापूरच्या सरकारी कारखान्याची देशी रायफल मिळते. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याची, तळावर के.एफ. अक्षरे असलेली काडतुसेही पुष्कळांच्या परिचयाची आहेत.

आता देखभालीकडे वळतो. या बाबतीत आमच्या घरांतून इतके गैरसमज आहेत की थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहिला गैरसमज असा की रायफल रोज घासावी. लहान रायफलीची नळी गोळ्यांनी झिजते त्याहून अधिक गज घालणाऱ्यांच्या उत्साहाने झिजते. शिशाची मऊ गोळी, तीवर मेणाचा किंवा चरबीचा लेप. हजारो गोळ्या गेल्या तरी आटे शाबूत राहतात. परंतु सांध्यासांध्याचा पोलादी गज पुढच्या तोंडातून वाकडातिकडा खुपसला की तोंडाची धार एका बाजूने खरडली जाते. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणी तिच्या मागचा वायू सर्व बाजूंनी सारखा सुटला पाहिजे. धार एका बाजूने गेली की वायू त्या बाजूने आधी सुटतो व गोळीस ढकलतो. मग नेम धरणाऱ्याचा दोष नसता गोळ्या भलतीकडे जातात. म्हणून बोल्ट काढावा, अखंड गज मागून घालावा, चिंदी एकाच दिशेने पुढे न्यावी व तोंडाबाहेर काढून टाकावी. दोनतीन तेलाच्या व दोनतीन कोऱ्या चिंद्या पुरतात.

जुन्या लोकांची उकळते पाणी ओतण्याची रीत मात्र वेडगळ नव्हती. १९२५ च्या पूर्वीच्या काडतुसांच्या लेपात जे क्षार असत, ते जळल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ राही. मीठ हवेतील ओल ओढून घेते व एका रात्रीत गंज धरतो. ते तेलाने विरघळत नाही, पाण्यानेच विरघळते. म्हणून प्रथम उकळते पाणी, नंतर कोरडी चिंदी, नंतर तेल. पुढे न गंजविणारी काडतुसे निघाली आणि पाण्याचे कारण उरले नाही. आजोबा करीत होते म्हणून आपणही करावे अशातली ही गोष्ट नाही. आजोबांचे काडतूस निराळे होते.

तेलाचेही तसेच. आपला सोलापूर जिल्हा करडईचा. तलवारीस, विळ्यास, कुलपास घरचे करडईचे तेल लावण्याची चाल जुनी आहे. बोल्टास ते लावू नये. करडईचे व जवसाचे तेल हवेत राहिले की चिकट होत होत वाळते व त्याची साय धरते. बोल्टाच्या आतील पिन अशा साईत अडकली की ती सावकाश जाते, कड पुरती चेपली जात नाही व काडतूस फुसके निघते. शिवणयंत्राचे पातळ तेल थेंबभर पुरे. उलट दस्त्याच्या लाकडास जवसाचे तेलच उत्तम, कारण तेथे ते वाळावे, कठीण व्हावे, हाच हेतू असतो. एकाच गुणाने एक वस्तू एके ठिकाणी औषध व दुसरे ठिकाणी अपाय होते ती अशी.

लाकूड आपल्याकडच्या हवेत जिवंत वस्तूप्रमाणे वागते. चैत्र-वैशाखात अक्कलकोटास पारा चाळीस अंशांच्या वर असतो, तेव्हा दस्ता आकसतो व नळीस धरून ठेवणारे स्क्रू सैल होतात. हस्ताचा पाऊस पडला की तेच लाकूड फुगून नळीस एका बाजूने रेटते. एप्रिलमध्ये मध्यावर बसणाऱ्या गोळ्या ऑक्टोबरात बोटभर बाजूस जाऊ लागल्या तर माशी ठोकण्याआधी स्क्रू पाहावेत. ते दरवेळी सारखेच घट्ट करावेत. जास्त आवळले तरी नेम बदलतो.

मखमलीच्या किंवा चामड्याच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना त्यास लाविलेली द्रव्ये लोखंडास खातात. तेलाचा हात फिरवून, हवा लागेल अशा कुलूपबंद कपाटात, नळीचे तोंड किंचित खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल दस्त्यात मुरत नाही. वाळवीची भीती आपल्याकडे आहेच. कपाट भिंतीस टेकलेले नसावे.

खंडेनवमीचा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. शस्त्रपूजनास रायफल मांडणे योग्यच. परंतु ओल्या हाताने हळदकुंकू, वर गंधाचे पाणी, झेंडूची ओली फुले, आणि दुसरे दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत ती तशीच पाटावर! आम्ही एका घरी नळीवर फुलाच्या आकाराचा गंजाचा डाग पाहिला आहे. पूजा आदल्या दिवशी साफ केलेल्या शस्त्राची करावी, हळदकुंकू दस्त्यास लावावे, व सायंकाळी सर्व पुसून तेल द्यावे. यात देवीचा अनादर कसा होईल? आणि पूजेनंतर आकाशात बार काढण्याची खोड तर अजिबात सोडावी. ही एवढीशी गोळी मैलभर जाऊ शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने असा आनंदाचा गोळीबार हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा झाला आहे.

आणखी दोन गोष्टी. रिकाम्या रायफलीचा चाप गंमत म्हणून ओढू नये. मोठ्या रायफलीत ते एकवेळ चालते. रिमफायरच्या पिनेस काडतूस भेटले नाही तर काही रायफलींत ती थेट नळीच्या मागील काठावर आपटते व तेथे खळगी पडते. मग तेथील कड नीट चेपली जात नाही. सराव करावयाचाच तर झाडलेले रिकामे काडतूस आत ठेवावे. तसेच लाँग रायफलच्या नळीत स्वस्त म्हणून सतत शॉर्ट काडतुसे झाडू नयेत. काडतूस आखूड पडल्याने पुढे काजळीचे व झिजेचे कडे तयार होते आणि नंतर लांब काडतूस त्यात अडकू लागते. काडतूस उडाले नाही तर बोल्ट लगेच उघडू नये. नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित उशिराने बार होतो.

अचूकपणाची परीक्षा बढाईने होत नाही. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, क्लबच्या मैदानावर, एकाच जातीची पाच काडतुसे एकाच बिंदूवर झाडावीत व भोकांमधील अंतर मोजावे. मग दुसऱ्या जातीची पाच. प्रत्येक नळीस एखादी जात मानवते. महागडी मानवेलच असे नाही. नुकत्याच साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत.

आता या रायफली अंगणात झाडावयाच्या नाहीत, शिकार बंद, संरक्षणास त्यांचा उपयोग नाही. मग ठेवाव्यात कशास, असे आमच्या ज्ञातीतील तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर कोल्हापूरकडे पाहिले म्हणजे मिळते. तेजस्विनी सावंत यांनी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण करून विश्वविजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक आणिले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी आलेले. ज्या काडतुसाने ते मिळाले ते हेच, फ्लोबेरच्या टोपीचे वंशज. कुसाळे यांचे वडील शिक्षक आहेत, हे लिहिताना आम्हांस थोडा जातभाईपणा वाटतो. तो पेशाचा समजावा. स्पर्धेच्या आजच्या रायफली फार निराळ्या व फार महाग असतात, हे खरे. परंतु श्वास रोखणे, चाप दाबणे व माशी डोळ्यांत धरणे हे घरच्या जुन्या ब्रनोवरही तितकेच शिकता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तीत आमची कुटुंबे वारंवार अडकतात. परवानाधारक वारला की त्याची रायफल वारसांनी घरात ठेवून देणे हा गुन्हा होतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसास परवाना मागता येतो. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याजवळ पंचवीस वर्षे असले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे ते करता येते. हा मार्ग अवलंबिणे शहाणपणाचे, कारण मागाहून भाऊबंदांच्या संमतिपत्रांत वर्षे जातात. २०१९ पासून साधारण धारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात व परवाना पाच वर्षांचा असतो. जमा करताना विक्रेत्याकडे करणे आम्हांस बरे वाटते. आमच्या एका आप्तांची रायफल निवडणुकीच्या काळात एका ठाण्यात ठेविली होती; ती परत आली तेव्हा नळीत आट्यांऐवजी तांबडी भुकटी होती.

आमच्या ज्ञातीतील एका घराची हकिकत सांगून लेखणी ठेवितो. आजोबांनी संस्थानच्या अखेरच्या दिवसांत घेतलेली बी.एस.ए. त्यांच्या चिरंजीवांनी जपली. तेही दोन वर्षांपूर्वी निवर्तले. दोन मुलगे परगावी नोकरीस. रायफल सरकारजमा करून मोकळे व्हावे असे थोरल्यांचे मत पडले. धाकट्यांची मुलगी महाविद्यालयात छात्रसेनेत आहे व तिचा नेम चांगला आहे. तिने काकांस एवढेच विचारले की, “काका, पणजोबांचे घर विकले, शेत विकले, आता हीही द्यायची का?” थोरले काही बोलले नाहीत. मुलीस एकवीस वर्षे पूर्ण व्हावयाची आहेत, म्हणून अर्ज तिच्या वडिलांच्या नावे केला आहे. थोरल्यांनी संमतिपत्रावर सही केली. अर्ज सध्या कलेक्टर कचेरीत आहे आणि रायफल विक्रेत्याकडे अनामत आहे. दर दोन महिन्यांनी वडील रजा काढून सोलापुरास जातात, मुलगी बरोबर असते, आणि विक्रेत्याच्या समक्ष नळीतून तेलाची चिंदी फिरवून दोघे संध्याकाळच्या गाडीने परत येतात.